पाठ टेकली

आमच्या घरात वजनकाटा एकच, आणि रोज सकाळी त्यावर दोन पाळ्या व्हायच्या. आधी बाबा चढायचे, मग माझ्या लेकीला, नऊ महिन्यांच्या प्रांजलला कडेवर घेऊन मी. माझं वजन वजा करून तिचं काढायचं आणि दोन्ही आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. वर बाबा, खाली प्रांजल. तिचं शंभर ग्रॅमने वाढलं तरी घरात कौतुक. बाबांचं दोन दिवसांत किलोभर वाढलं की डॉक्टरांना फोन. कारण बाबांचं वाढायचं ते अंग नव्हे, पाणी.

"चेडू वाढला तर पेढे, नि मी वाढलंय तर सुई," बाबा काट्यावरून उतरता उतरता म्हणायचे. "ह्यो खयचो न्याय गो, समीक्षा?"

बाबा म्हणजे माझे सासरे, धाकू परब. आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले आणि तेवीस वर्षं तिथेच राहिले. निवृत्त झाले तेव्हा इस्टेटवाल्यांनी शाल-नारळ दिला आणि वर त्यांची गेटवरची लोखंडी खुर्चीही देऊन टाकली, कारण नवा वॉचमन त्या खुर्चीत बसायला तयार नव्हता. एका खांद्यावर खुर्ची आणि दुसऱ्यावर शाल घेऊन बाबा सेक्टर तीनमधून चालत आले होते म्हणे. मी तेव्हा या घरात नव्हते, पण माझा नवरा नितेश ही गोष्ट इतक्यांदा सांगतो की मला ते दिसतात.

त्या खुर्चीत ते पुढे झोपू लागले.

हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, पंपाचा जोर कमी झाला की पाणी मागे तुंबतं. आधी पावलांत उतरतं, मग छातीत चढतं. मीठ कमी, दिवसाला लिटरभर पाणी, लघवीच्या गोळ्या. आणि उताणं निजायचं नाही. निजले की दोन मिनिटांत ते धडपडून उठायचे, खिडकीचे गज धरून श्वास ओढायचे. मग पलंगाशेजारी खुर्ची आली, खुर्चीत दोन उशा आल्या, पाय टेकायला पाट आला. सहा महिने बाबांनी पाठ टेकली नव्हती.

याचा सगळ्यात जास्त त्रास आईंना झाला. सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो, नाव रत्नप्रभा. त्या पलंगावर एकट्या, आणि बाबा शेजारी खुर्चीत, एक हात पलंगाच्या कडेवर टाकून. मी रात्री प्रांजलचं दूध करायला उठले की दिसायचं, आई जाग्याच असायच्या, त्यांच्या हातावर स्वतःचा हात ठेवून. सकाळी खोबरेल कोमट करून त्यांच्या पाठीला चोळायच्या.

"वायच पडा मां," त्या म्हणायच्या. "पाच मिन्टां. मी हय बसतंय."

"पडलंय काय बुडलंय," बाबा म्हणायचे.

शेजारच्या मालनकाकू आल्या की आईंचं तेच गाऱ्हाणं. "पथ्यपाणी सगळा करूया गो. पण माणसाची पाठ टेकूक नको? गुरांची पण टेकता."

दुसऱ्यांदा हॉस्पिटलमधून घरी सोडलं तेव्हा तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन बजावलं होतं. श्वास लागला तर लगेच बसवायचं, पाय खाली सोडायचे, अंगावरचं सैल करायचं, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि पहिला फोन अँब्युलन्सला, नातेवाइकांना नंतर. घरी येऊन मी ते आईंकडून पाठ करून घेतलं, शाळेतल्या बाईंसारखं. त्या बोटं मोजत म्हणायच्या, "बसवचा. पाय खाली. पाणी नाय. फोन." एकदा रविवारी मी सगळ्यांकडून तालीमच करून घेतली. नितेश हसत होता. बाबा खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "तेवीस वर्सां बसलंय मी. माका बसाक शिकव नको."

मला वाटलं होतं, आम्ही तयार आहोत.

सोमवारी प्रांजलला लस दिली. रात्री ताप चढला. मंगळवारी ती माझ्या अंगावरून खाली उतरायलाच तयार नव्हती, बुधवारी सकाळीही तेच. काटा पलंगाखाली तसाच राहिला. दोन दिवस. बुधवारी जेवण वाढताना बाबांच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ दिसले. मनात आलं, ही झोपली की वजन घेऊ. ती झोपली नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला टणटण असा आवाज ऐकू आला. बाबा स्टीलचा पेला खुर्चीच्या हातावर आपटत होते. हाक मारायला श्वास नव्हता. चेहरा राखेच्या रंगाचा, शर्ट घामाने चिंब, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीतून एक आवाज. शहाळ्यातलं शेवटचं पाणी स्ट्रॉने ओढताना होतो ना, अगदी तसा.

मी प्रांजलला कडेवर घेतलं आणि एकशे आठला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज अगदी शांत होता.

"पेशंट बसलेत की झोपलेत?"

"बसलेत. खुर्चीत."

"बसूनच ठेवा. पाय खाली. पंखा लावा. काही पाजू नका. गाडी निघतेय. कुणीतरी मेन रोडवर येऊन थांबा."

मी आईंना म्हटलं, "आई, आपण तालीम केली होती ना, तसंच. मागून धरा." त्यांनी धरलं. बाबांची बोटं खुर्चीच्या हातांवर घट्ट आवळलेली. मी शर्टाची बटणं काढली, पाट सरकवला, पाय खाली सोडले. तेवढ्यात मालनकाकू धावत आल्या आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता.

"मॅडम, इधर सब गल्ली एक जैसा है. आप बाहर आओ ना."

आमच्या सेक्टरमधल्या बैठ्या घरांच्या गल्ल्या खरंच एकसारख्या. गाडी आत येत नाही, बाहेरून पाचवी की सहावी यात रोजचे कुरियरवालेही चुकतात. मालनकाकूंना बाहेर पाठवायला हवं होतं आणि मी बाबांजवळ थांबायला हवं होतं. हे मला आज कळतं. त्या वेळी वाटलं, फोन माझ्या हातात आहे, धावू मीच शकते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मान दाराकडे हलवली.

"जा," ते म्हणाले. मग एक श्वास. मग, "मी बसतंय."

मी प्रांजलला घेऊन चप्पल न घालताच पळाले. गाडी मार्केटच्या बाजूला उभी होती, दोन गल्ल्या चुकून. ती वळवून आणेपर्यंत, भाजीच्या हातगाड्या बाजूला करेपर्यंत आठ-नऊ मिनिटं गेली असतील. गाडीतून उतरलेली डॉक्टर माझ्याच वयाची, केस वर बांधलेले, खांद्यावर बॅग. तिच्यामागे ड्रायव्हर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन. चालता चालता तिने विचारलं, "बसवलंय ना त्यांना?"

"हो, खुर्चीत. पाय खाली. काही पाजलं नाही."

"वा. फार कमी घरी हे माहीत असतं."

मला त्या क्षणी चक्क बरं वाटलं. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दारात पोचले तर खुर्ची रिकामी होती.

बाबा जमिनीवर होते. उघड्या फरशीवर, उताणे. डोक्याशी आई बसल्या होत्या, देव्हाऱ्यातला गंगेचा गडू मांडीशी आणि हातात पळी. बाबांच्या ओठांवर तुळशीचं पान होतं आणि त्याच्या कडेने गुलाबी फेस येत होता. मालनकाकू पायांशी बसून रामाचं नाव घेत होत्या.

"कुणी झोपवलं यांना?" डॉक्टर ओरडली आणि उत्तराची वाट न बघता गुडघ्यांवर बसली. ड्रायव्हरने मागून काखेत हात घालून बाबांना उचललं, तिने ओठांवरचं पान बोटाने काढलं, मान बाजूला करून तोंड पुसलं. "मॅडम, तुम्ही इकडे या. पाठीमागे बसा. तुमच्या अंगावर टेकवा त्यांना. असंच, ताठ."

प्रांजलला मी मालनकाकूंच्या हातात दिलं आणि बाबांच्या मागे बसले. त्यांची पाठ माझ्या छातीला लागली, थंड आणि ओली. तिला खोबरेलाचा वास होता. डॉक्टरने तोंडावर घट्ट मास्क बसवला, त्यातून हवा जोराने आत जात होती. बोटाला क्लिप लावली. ऑक्सिजन अठ्ठावन्न. ब्लडप्रेशर घेतलं, आकडा ऐकून ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. मास्क क्षणभर वर करून जिभेखाली गोळी, मग हाताच्या शिरेत सुई, औषध. "बाबा, मशीनबरोबर श्वास घ्या. घाबरू नका. मशीन ढकलतंय, तुम्ही फक्त घ्या." अठ्ठावन्नचे चौसष्ट झाले. एकाहत्तर. त्यांना स्ट्रेचरवरही बसवूनच नेलं.

आई या सगळ्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या, गडू दोन्ही हातांत धरून. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरघर लागली होती गो. घरघर लागल्यावर कोणाक बसवन ठेयतत?"

तेव्हा मला कळलं. मी शिकवलेलं त्या विसरल्या नव्हत्या. बसवायचं, पाय खाली, पाणी नाही, हे आजाराचं होतं. ते त्यांनी आजारासाठीच लक्षात ठेवलं होतं. पण गावात त्यांनी सासू पाहिली होती, सासरा पाहिला होता, दोन दीर पाहिले होते. छातीत पाणी खळखळायला लागलं की तो आजार राहत नाही. मग माणसाला भुईवर घेतात, तोंडात गंगा घालतात. खाटेवर, खुर्चीवर प्राण जाऊ द्यायचा नसतो. आजारात बसवतात, मरताना निजवतात. मी त्यांना अर्धंच शिकवलं होतं. तो आवाज दरवेळी मरणाचा नसतो, हे सांगायचं राहून गेलं होतं.

अँब्युलन्समध्ये आई पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या, मी मागे. लिंक रोडवर गाडी हळूहळू सरकत होती. बाबांचे डोळे उघडे होते. त्यांनी हात वर करून मास्क खेचला. डॉक्टर म्हणाली, "नको बाबा, काढू नका," पण त्यांनी माझ्याकडे बघून बोट पुढच्या सीटकडे केलं.

"तिका," ते म्हणाले. श्वास. "काय सांगू नको."

मी मान हलवली. डॉक्टरने मास्क परत बसवला. तिने ऐकलं होतं.

माझा फोन मिळताच नितेश अंधेरीच्या ऑफिसमधून निघून थेट हॉस्पिटलच्या दारात आमच्या आधी पोचला होता. स्ट्रेचरबरोबर धावत तो आत आला. डॉक्टर तिथल्या डॉक्टरांना भराभर सांगत होती, किती वाजता, कोणतं औषध, किती. मग म्हणाली, "आम्ही पोचलो तेव्हा पेशंट जमिनीवर आडवे होते. तोंडात पाणी घातलेलं होतं."

नितेश थांबला. "आडवे? कुणी केलं आडवं?"

आई मागे बाकावर बसल्या होत्या. पदराने गडू पुसत होत्या, तो त्या हातात घेऊनच आल्या होत्या.

"मी," मी म्हटलं. "मी घाबरले."

डॉक्टर हातमोजे काढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातमोजे डब्यात टाकून ती निघून गेली.

"तू?" नितेश म्हणाला. "अगं, तूच सगळ्यांना शिकवत होतीस ना? माझ्या बापाला खुर्चीत बसवून तालीम करून घेतलीस, आणि..."

बाबा संध्याकाळी पावणेआठला गेले. आतले डॉक्टर म्हणाले, पाणी आधीच खूप साठलं होतं, दोन-तीन दिवसांपासून साठत असणार. त्या दहा मिनिटांनी किती फरक पडला ते कुणीच नक्की सांगू शकणार नाही. नितेशने त्यातली फक्त दहा मिनिटं ऐकली. मी फक्त दोन-तीन दिवस ऐकले.

पुढचे अकरा दिवस नितेश माझ्याशी कामापुरतंच बोलला. दूध आणलंय. भटजी येतायत. प्रांजलची चड्डी बदल. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचा. एकदा ती माझ्या कडेवरून त्याच्याकडे झेपावली तर त्याने तिला घेतलं, पण माझ्या हाताला हात लागू न देता, बाजारात अनोळखी बाईकडून सुटे पैसे घ्यावेत तसं. बोलायला गेले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं.

बाराव्या दिवशी गावची माणसं आली, सेक्टरमधल्या बायका आल्या. पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती. नितेश चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेला आणि मला आतून आईंचा आवाज ऐकू आला.

"समीक्षा गाडी आणूक धावली होती. मालन नि मी, दोगीच. घरघर लागली तशी मी तेंका भुईर घेतलंय. गंगा घातलंय. सहा म्हयन्यांनी पाठ टेकली गो तेंची. टेकली नि डोळे मिटल्यानी, असे, निजल्यासारे."

"पुण्यवान गो," कुणीतरी म्हणालं. "बायकोच्या हातची गंगा मिळाली."

कप वाजले. ट्रे कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग नितेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"तू खोटं बोललीस."

"हळू बोल."

"अकरा दिवस, समीक्षा. अकरा दिवस मी तुला..." त्याने तोंडावर हात दाबला. "सांगायचं नाहीस?"

"बाबांनी नको म्हटलं होतं. गाडीत. मास्क काढून."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. प्रांजल खाली एका वाटीत दुसरी वाटी घालायचा प्रयत्न करत होती.

"पण तिला कळायला हवं," तो म्हणाला. "खरं काय ते. उद्या मालनकाकूंच्या घरी असंच झालं तर? ती जाऊन हेच करेल. बायका तिचं ऐकतायत बाहेर."

त्याचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, "मग सांग. तूच सांग. मला नाही जमणार."

माणसं गेल्यावर तो आत गेला. आई पलंगावर बसल्या होत्या, खुर्ची शेजारीच होती, अजून त्यात दोन उशा. मी दाराबाहेर भिंतीला टेकले. प्रांजल खांद्यावर झोपी जात होती.

"आई," नितेश म्हणाला. "त्या दिवशी..."

"ये झिला. बस." खुर्ची सरकल्याचा आवाज नाही आला, म्हणजे तो पलंगावर बसला. "माका तुका एक इचारूचा होता. तू नव्हतंस, समीक्षा भायर. माका कोणाक इचारूचा कळना. सासूक घेतला तेव्हा चार बाप्ये होते घरात. हय मी नि मालन. मी भियालंय रे. गंगा अर्धी भायरच सांडली." त्या थांबल्या. "जमला मां माका?"

पलीकडे पलंग करकरला.

"जमलं, आई," नितेश म्हणाला.

तो बाहेर आला आणि माझ्यासमोरून जाताना थांबला. प्रांजलला माझ्या खांद्यावरून घेतलं, आणि मग ती मध्ये असतानाच त्याने कपाळ माझ्या डोक्याला टेकवलं. "सॉरी," तो म्हणाला. "माझ्यासाठी, तिच्यासाठी... तू किती..."

"नको," मी म्हटलं. "असं काही म्हणू नकोस."

त्याला वाटलं मी लाजतेय. त्याला वाटतं मी आईंसाठी खोटं बोलले, बाबांचा शब्द पाळायला. ते खरंच आहे. मालनकाकूंना मी दुसऱ्या दिवशी गच्चीवर गाठलं आणि सगळं सांगितलं, श्वास खळखळला तरी बसवायचंच, मरण समजायचं नाही. त्या रडल्या. आईंना सांगणार नाही, अशी शपथ त्यांनी न मागता घेतली.

पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात माझ्या तोंडून "मी" किती सहज निघालं, ते मला माहीत आहे. विचार करावा लागला नव्हता.

परवा महिना संपला. आई कॅलेंडरचं पान उलटायला आल्या. त्या आकडे वाचत नाहीत, पण चौकोनांत वर बाबा आणि खाली प्रांजल, आणि बाबा गेल्यावर फक्त खालचा, हे त्यांना ठाऊक आहे. बोट फिरवत फिरवत त्या एका ठिकाणी थांबल्या.

"हय दोन दिस कायच नाय गो. दोगांचाय नाय."

"प्रांजलला ताप होता, आई," मी म्हटलं. "मंगळवारी आणि बुधवारी. राहून गेलं."

"होय मां," त्या म्हणाल्या. "पोरीक ताप होतो." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी पान उलटलं.